वरकसापर्यंतचा रस्ता

—आता मान नको हलवूस, मी वाढणारच. वालाचं बिरडं हाय. परवा भिजत घातले, मोड आणले, सकाळपासून एकेक दाणा सोलत बसलेय, नखं दुखायला लागली माझी — आन् तू दोन घास खाऊन पानावर हात आडवा धरशील तर मी ऐकून घेईन व्हय? खा मुकाट्यानं. मुकाट्यानंच खातोस म्हणा. हिकडची माणसं हसतात मला, म्हंतात, जयवंते, तुझा भाऊ पाटावर बसला की मुका होतो का गं? मी म्हंते, होतो. आमच्या घरच्या बाप्यांची रीतच ती, आज्यानं घालून दिलेली. आजा एकदा कुणाकडं तरी जेवायला गेला, खीर वाढली, पोट भरलं, आन् त्या खुशीत जुंपायचा चांगला बैल देऊन बसला — न्या म्हणाला! घरी आल्यावर आजीनं जे काय केलं ते केलं, पण तेव्हापासून शपथ — आपल्या घरचा बाप्या जेवताना हो म्हणायचा नाय आन् नाय बी म्हणायचा नाय. हात धुतला की मंग काय ते बोल. बरं हाय ते. मलाबी बरं, कुणी मधी तोंड घालत नाय.

तर तुझे दाजी ओटीवर हायत. बसले नायत, येरझाऱ्या घालतायत, ऐकू येतंय ना? सकाळपासून तेच. सहदेव आला का, सहदेव आला का — तू वेशीवर दिसलास तवा कुठं तोंडात पान घातलं त्यांनी. आता तू हात धुतलास की विडा घेऊन येतील. चांगला विडा हाय, कात-सुपारी कालच आणून ठेवलीय कशेळ्याहून. तू विडा उचललास की शब्द दिल्यासारखं. मंग गाडी जुंपायची आन् तुमी दोघं थेट कर्जतला, मामलेदाराच्या कचेरीत. उद्या बोर्डाचं हाय ना! तालुक्याला बोर्ड दिलंय सरकारनं — रस्ते, विहिरी, शाळा, ते आता आपलं आपण बघायचं म्हणे, आन् बोर्डावर बसायचं कुणी, तर ज्याचा धारा मोठा, सरकारात शेतसारा जास्त भरतो, त्यानं सांगायचं. तुझा धारा मोठा. मामलेदार तुझं नाव पुकारील, तू म्हणायचं, आमच्या दाजींना. झालं. तू म्हणलास की तुमच्या तिकडचे बाकीचे तुझ्या तोंडाकडं बघून तेच म्हणणार — बुधाजी तर तू खोकलास तरी खोकतो. बायकांना काय कुणी विचारत नाय. चिखलात वाकायला आमी आन् मामलेदारापुढं उभे राहायला तुमी. जाऊ दे. भाकरी मोड की. तांदूळ नवा हाय, म्हणून चिकट लागंल जरा.

ह्यांच्यासमोर बोर्डाला कोण उभा हाय, तर तात्या वकील. कर्जतचा. आला व्हता ना हितंबी, चावडीवर. डोक्यावर हे एवढं पागोटं, घोंगडी अंथरली तर आधी झटकली, मंग बसला, आन् लागला सांगायला — शेतकऱ्यांनो, तुमी डोंगर बोडके करता. ऐनाच्या फांद्या छाटता, वाळवता, वाफ्यावर पसरून जाळता आन् त्या राखेत भाताचं रोप टाकता, ही तुमच्या बापजाद्यांची अडाणी रीत, राब-बीब सोडा आता, शेणखत घाला. झाडं राहिली तर पाऊस राहील, सरकारनं रान बंद केलं ते तुमच्याच भल्याला केलं. शेणखत! मी चावडीमागल्या भिंतीशी उभी, तोंडात पदर कोंबला म्हणून बरं. अरे बाबा, शेण घातलं शेतात तर गोवऱ्या कशाच्या थापू आन् चूल कशावर पेटवू — तुझ्या पागोट्यावर? लाकूड आणायला गेलं तर फारेस्टचा शिपाई उभा, माझा कोयता काढून घेतला मेल्यानं, अजून दिला नाय. लोक उठून गेले रं अर्धे. तात्या आपला बोलतोय. चांगला असंल माणूस, वाईट नाय म्हणत मी त्याला, पण त्याला कोण विचारतो हितं?

आन् मंग हे उठले. तू हवा व्हतास! मला वाटलं, हे माझेच नव्हेत. पटका सारखा केला, हात वर केला, म्हणाले — राब आमचा, रान आमचं, आमच्या आज्यानं लावलेला ऐन आन् शिपाई कोण अडवणार! मी बोर्डावर गेलो की सायबाच्या टेबलावर हात आपटून सांगेन. काय ओरडली माणसं! म्हातारी अंबाबाई, तिला धड ऐकू येत नाय, तीबी ओरडली. मला कसं भरून आलं सांगू — म्हटलं, आपला नवरा हाय हो! घरी आले, पाणी दिलं, विचारलं, सायबाला खरंच सांगाल ना, हात आपटून? तर हसायला लागले. म्हंतात, खुळी हायस, बोर्डाचा आन् रानाचा संबंध काय? रान सायबाचं. बोर्डाच्या हातात नुसते रस्ते आन् विहिरी. — नाय, नाय, तसं नाय रं, मनात वाईट नसतं त्यांच्या, चार माणसांत बोलायचं म्हणजे लोकांच्या कानाला गोड लागंल ते बोलावं लागतं, ते काय तुला कळत नाय? तूबी पंच हायस तुझ्या गावचा. भात वाढू? वाढते.

पण रस्ता देणार बघ. रस्ता खरा. तो बोर्डाच्या हातातला हाय. तुमीच आला व्हतात की मागायला दिवाळीला — तू, बुधाजी, चांगो — ह्याच ओटीवर बसून म्हणालात, दाजी, कशेळ्यापासून आमच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाडीरस्ता करून द्या, भात डोक्यावरून वाहून बायका थकल्या. बायकांचं नाव आलं तवा मला बरं वाटलं. खरंच थकतात. मी थकलेली हाय त्या पायवाटेनं, लग्नाआधी, डोक्यावर भाताची पाटी आन् पुढं तो दगडांचा उतार — तुझ्या बायकोचे, मंगळीचे, पाय तर कसे झालेत, मागल्या खेपेला बघितले मी. रस्ता झाला की भाताची गाडी तुझ्या खळ्यातून निघंल ती कर्जतच्या ठेसनात. म्हणून तर हे गाड्या बांधून घेतायत. आलास तवा बघितल्यास ना अंगणात, सुतार बसलाय? चार नव्या गाड्या. मजबूत चाकं, सागाची. बाजूंना बांबूच्या तट्ट्याबी विणून घेतल्यात उंच उंच, माणूस आत उभा राहिला तर दिसायचा नाय. भात भरायला.

काय? बघतोस काय असा? — भातच भरणार. भाताला काय तट्ट्या लागत नाय व्हय? — भाताची पोती असतात, माहीत हाय मला, पोतं रचून वर दोर आवळला की झालं, पण तट्ट्या असल्या तर काय बिघडतं? पावसापाण्याला बरं. मला काय ठावं गाड्यांतलं, मी चुलीपुढची बाय. तू जेव. थांब, दार लोटून घेते, धूर येतोय त्या सुताराच्या शेकोटीचा. — नाय, ते नाय बघत हिकडं, ते सुताराशी बोलतायत.

सहदेवा, घास थांबवू नकोस. थांबवलास की मला बोलावंसं वाटतं. शेट आला व्हता ना तवाबी असंच झालं — कोण शेट? अरे असंच, ममईचा कुणी, ह्यांच्या ओळखीचा. आला, जेवला, गेला. पाव्हणाच. तू बसलास ना त्याच जागेवर बसला व्हता. जेवताना बोलतो तो, आपल्यासारखा नाय, घास तोंडात आन् बोलणं बाहेर. मी दाराआडून वाढत व्हते, मला काय ऐकायचं नव्हतं, पण कान काय झाकून घेता येतात? म्हणाला, तुमच्या सासुरवाडीचा डोंगर बघून आलो. असा ऐन मी ह्या तालुक्यात कुठं बघितला नाय, एकेक बुंधा दोघांच्या कवेत मावायचा नाय, आन् सगळा शेतकऱ्यांच्या वरकसातला, त्यांच्या मालकीच्या डोंगरपट्टीतला — सरकारचा नाय, सायबाला विचारायचं कारण नाय. फक्त गाडी जात नाय तितं. तर हे म्हणाले, गाडी जाईल, तुमी कोळशाच्या भट्ट्यांची माणसं बघून ठेवा.

नाय, तू ऊठू नकोस. बस. ऐक आधी पुरतं — मला सांगायचं नव्हतं हे. देवाशपथ सांगायचं नव्हतं, मला म्हणाले व्हते तू फक्त जेवू घाल, गोडधोड कर आन् जरा माहेरच्या गोष्टी काढ, मन मऊ कर त्याचं. आता मी काढल्या गोष्टी. माझ्या जिभेला हाडच नाय तर मी काय करू? आन् हे बघ, तुमच्यावर काय कुणी जबरदस्ती करत नाय हां. झाडं तुमची. शेट येईल, म्हणील विका. तुमी नाय म्हणायचं. म्हणाल ना नाय? तू म्हणशील. चांगो म्हणील? बुधाजीला पोरीचं लगीन काढायचंय औंदा, तो म्हणील नाय? मी सांगते काय होईल, मी बघितलंय. आमच्या हितं काय झालं? मी नवरी म्हणून आले तवा ह्या घरामागं डोंगर असा हिरवागार व्हता, मला वाटलं माहेरच माझ्यामागून चालत आलं. मंग ठेसनाकडं सडक झाली. कुणी कुणाला बळजबरी केली नाय. पहिल्यांदा सासऱ्यानं दिली चार झाडं, म्हणाला चारच. शेजाऱ्यानं बघितलं, त्यानं दिली. मंग कुणी म्हणाला आपण मागं का राहा. भट्ट्या लागल्या. पोशा कातकरी आन् त्याची माणसं राबत व्हती, बिचारे काळे ठिक्कर, त्यांना रोज भाकरी मिळाली आन् असल्याच तट्ट्यांच्या गाड्या भरून कोळसा गेला ममईला, लोकांच्या इस्त्रीत आन् शेगडीत. दोन हंगामांत डोंगर उघडा. आता बघ जरा त्या झरोक्यातून. बघ ना! दिसतो? म्हातारीच्या डोक्यासारखा. वहाळाला पाणी होळीपर्यंत राहत नाय आता, आन् राबाला टहाळ आणायला मी कुठं जाते ठावं हाय तुला? सरकारी रानात. चोरून. म्हणून गेला माझा कोयता. नायतर मी काय हौसेनं शिपायाच्या तोंडी लागले व्हते?

आन् रोप कसं येतं आमचं? पिवळं. राब पुरत नाय, अर्धा वाफा भाजतो, अर्धा तसाच. गेल्या आषाढात आवणीला रोप कमी पडलं तर कुणाकडं गेले हे मागायला? तुझ्याकडं. तू जुड्या बांधून दिलंस, तुझ्या डोक्यावरून आणून टाकलंस आमच्या बांधावर. काळंभोर रोप. ते रोप कशाचं व्हतं रं? ऐनाच्या राखेतलं व्हतं. आपले आबा काय म्हणायचे — फांदी घ्यायची, शेंडा ठेवायचा. औंदा हा ऐन, पुढल्या साली तो. झाडानं आपल्याला ओळखलं पाहिजे. मी लहान असताना त्यांच्याबरोबर जायची, ते वर चढून छाटायचे, मी खाली भारे बांधायची, आन् शेंड्याला चुकून कोयता लागला तर आबा झाडावरनंच हात जोडायचे. आमी हसायचो. तो तात्या वकील म्हणतो राब म्हणजे झाड मारणं. त्याला काय सांगू? आमी मारत नव्हतो. पण झाड गेलं तर पाऊस-पाणी जाईल म्हणाला, ते काय खोटं नव्हतं बोलला गडी. त्याला राब कळत नाय, आन् ह्यांना सगळं कळतं. मला सांग, ह्यातला वाईट कोण? मी रोज विचारते माझं मला. भाकरी थापताना विचारते. ज्याला कळत नाय तो, का ज्याला सगळं कळतं आन् तरी तट्ट्या विणून घेतो तो?

बोलू नको, तोंड उघडू नको, ते ऐकतील. — काय हो? — हां, जेवतोय! ताक वाढतेय! — बघ, पाय थांबले त्यांचे. हळू बोलते आता.

मला राग हाय त्यांचा, पण मी काय त्यांची वैरीण नाय. माणूस वाईट नाय रं. तापानं पडले मी तवा कर्जतचा वैद्य आणला त्यांनी भर पावसात. पण ती एकदा खुर्ची बघितली कुठं कचेरीत, आन् तेव्हापासून झोप नाय. मामलेदारानं बसा म्हटलं पाहिजे, एवढंच. कोळशाच्या गाड्या चालल्या की चार माणसं दारात, बोर्डावर नाव, सायबाच्या हातात हात. सकाळी मला काय म्हणाले सांगते, सांगणार नव्हते. म्हणाले, जयवंते, तुझ्या भावानं विडा उचलला तर तू ह्या घरची लक्ष्मी. आन् तो विडा तसाच ताटात राहिला, तर त्या घरचं पाणी आन् ह्या घरचं पाणी तुटलं. तू तुझ्या माहेरचं तोंड बघायचं नाय, ना दिवाळीला, ना कुणाच्या मरणाला. शांतपणे म्हणाले. ओरडून म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. मी म्हटलं, उचलंल हो, उचलंल, माझा भाऊ हाय. आन् बिरडं सोलायला बसले.

सोलता सोलता म्हटलं, बरंच हाय. रस्ता होईल. गाडीत बसून माहेरी जाईन, पाय दुखायचे नायत. मंगळीचे पाय वाचतील. झाडं काय, परत येतात झाडं. असं मनाला सांगत बसले. पण मंग गाडीतून कुठं उतरेन मी? पायथ्याशी उतरेन आन् वर बघेन, तर वर काय? — हे घरामागं हाय तेच. माहेर म्हणजे काय रं, तुझं घर का? घर तर लहान हाय, गळतं. मला डोळे मिटले की तो ऐनाचा उतारच दिसतो. रडत नाय मी. धूर हाय.

तू बघतोस माझ्याकडं आन् मला कळत नाय तुझ्या मनात काय चाललंय. नको सांगू. तू दाजींना तोंडावर नाय म्हणू शकायचा नायस, ओळखते मी तुला — ते विडा पुढं धरतील, हसतील, पाठीवर हात ठेवतील, आन् तू घेशील. बहिणीसाठी घेशील. म्हणशील, हिचे हाल नकोत. तेच नकोय मला. माझ्या नावानं उचलू नकोस तो विडा. तात्याला दे असंबी नाय म्हणत, त्याचं त्याला लखलाभ. तू कचेरीतच जाऊ नकोस. सरळ गावी जा, सगळ्यांना देवळात बसव आन् काय ऐकलंस ते सांग — शेटाचं, तट्ट्यांचं, सगळं. बहिणीनं सांगितलं म्हणून सांग, लपवू नकोस. रस्ता हवा तर मागा, पण आधी सगळ्यांनी मिळून हात देवापुढं ठेवा की बुंध्याला कुऱ्हाड नाय. नुसता तू नाय, सगळ्यांनी. एकानं विकलं की सगळे विकतात.

ऊठ आता. — अर्ध्या पानावरून उठतात का, असं तोंड करतोस? अन्नाचा अपमान मी माझ्या डोक्यावर घेते, ऊठ. खीर राहिली, राहू दे. हात हितं धुवायचा नाय. पाण्याचा आवाज झाला की ते आत येतील. तसाच परसातल्या दारानं निघ, गोठ्याच्या मागून, करवंदीतनं खाली उतर, वाटेत कुणी भेटलं तर थांबू नकोस. चपला ओटीवर हायत? राहू देत तितं. चपला दिसतायत तोवर त्यांना वाटंल तू हायस.

माझं काय व्हायचं ते मी बघीन. मारायचे नायत, तसले नायत ते. बोलायचे नायत, एवढंच. आन् मी कुठं गप्प राहिलेय कधी? — दिवाळीला मला न्यायला मंगळीला पाठवू नकोस, कुणालाच नको. पाठवलंस तर माणूस दारातून परत जाईल आन् तो अपमान तुला व्हायचा. आई गेली तर — तिचं वय झालंय, माहीत हाय मला — तिला सांग, जयवंता यायची व्हती. एवढं सांग.

माझ्या पाया कशाला पडतोस, वेड्या, खरकटा हात हाय तुझा. — आले, आले! अहो, भात घेतलाय त्यानं परत, जेवू द्या की माणसाला! — जा. आता बोलायचंबी नाय आन् वळून बघायचंबी नाय. दार मी लावते. जा रं.